बसला काय?

माझा बाप कमी बोलायचा. जे बोलायचा त्यातलं अर्धंअधिक एका शब्दात भागायचं. तो शब्द म्हणजे हौ. साताऱ्याकडचे लोक होय म्हणतात, शहरातले हो म्हणतात, आम्ही हौ म्हणतो. आमची माणसं विदर्भातून कधीतरी इकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आली आणि येताना बोली घेऊन आली. सगळीकडे हिंदी, मधे आमची घरं. पण घरात हौ.

बा भरवेलीच्या मँगनीजच्या खदानीत होता. खदानीतल्या कामगारांच्या क्वार्टरांना लाईन म्हणत. त्या लाईनीत आमची एक खोली आणि पुढे पडवी. आई मी लहान असतानाच गेली. मोठी बहीण भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे दिली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. मग घरात आम्ही दोघंच. बा पाळीवरून काळा होऊन यायचा, अंगणात बसून अंग घासायचा, आणि मी जवळ उभा राहून पाणी ओतायचो. "थंड आहे काय, बा?" "हौ." "अजून टाकू?" "हौ." असं आमचं बोलणं. मला त्यात काही उणं वाटत नसे. त्याच्या हौमध्ये तऱ्हा होत्या. लांब ओढलेला हौ म्हणजे ऐकून घेतलं, पटलं नाही. तोडलेला हौ म्हणजे आता पुरे. आणि नाकातून आलेला छोटासा हौ म्हणजे खूश आहे. हे मला कोणी शिकवलं नाही, पण मला ते कळायचं.

सायकल ही आमच्या घरातली एकमेव वस्तू जिला बा रोज पुसायचा. बालाघाटच्या बाजाराला जायचं तर मी कॅरिअरवर. बा एक पाय पायडलवर ठेवून, मागे न बघता विचारायचा, "बसला काय?" मी हौ म्हणायचं, मग तो टांग मारायचा. उत्तर आल्याशिवाय सायकल हलायची नाही. एकदा मी हौ म्हणालो आणि चड्डी खाली घसरली म्हणून ती धरायला थांबलो. बा निघून गेला. मी मागून ओरडत पळालो, पण वाऱ्यात त्याला काय ऐकू येणार! तो छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, रेल्वे फाटकापर्यंत पोचला. तिथल्या माणसानं विचारलं, एकटाच निघालास काय बाजाराले? तेव्हा त्यानं हात मागे नेऊन चाचपलं.

परत आला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला रडत बसलो होतो. मला वाटलं, मार पडणार. तो म्हणाला, "आधी बस. मंग हौ म्हन."

"तू पाह्यलं काहून नाई मांगं?" मी हुंदके देत विचारलं.

"हौ म्हनल्यावर काहून पाह्याचं?"

एवढं बोलून त्यानं पुन्हा पायडलवर पाय ठेवला. "बसला काय?"

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. नागपूर, भंडारा तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. मास्तरांनी वर्गात सांगितलं की आता आपली राजधानी नागपूर नाही, भोपाळ. मी धावत घरी येऊन बाला सांगितलं, ताई दुसऱ्या राज्यात गेली. बा विचार करून म्हणाला, "खदान इथंच हाय ना?" मी हौ म्हणालो. विषय संपला. पण माझ्यासाठी संपला नाही, हे फार नंतर कळलं. शाळा सगळी हिंदीत झाली. घरची भाषा फक्त बोलायची राहिली, लिहायची नाही. आणि बोलायला घरात होता तो एकच माणूस, तोही असा.

मी मॅट्रिक झालो. आमच्या लाईनीत त्याआधी कोणी मॅट्रिक नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो. त्याच सुमारास चीनची लढाई होऊन गेली होती आणि फौजेत भरती जोरात होती. बालाघाटला भरतीवाले आले. छाती मोजली, पळवलं, दात बघितले, घेतलं. मी घरी आलो तेव्हा बा सायकलची साखळी तेल लावून फिरवत होता.

"बा, फौजेत जाऊ काय?"

तो साखळी फिरवत राहिला. मग म्हणाला, "हौ."

हा हौ कुठल्या तऱ्हेचा, ते मला त्या दिवशी ओळखता आलं नाही. मी तसाच घेऊन गेलो.

फौजेत मला वायरलेसवर घेतलं, मॅट्रिक होतो म्हणून. माझं गाव बालाघाट म्हटलं की लोक विचारत, कुठल्या नदीचा घाट? बनारसजवळ का? हिंदीवाले मला मराठा म्हणायचे. मराठी जवान होते ते सगळे कोल्हापूर, सातारा, नगरकडचे. त्यांना वाटायचं हा मध्य प्रदेशी, उगाच मराठीची नक्कल करतो. मी 'मले' म्हटलं की एकजण मांडीवर थाप मारून हसायचा आणि दुसऱ्याला सांगायचा, "ऐकलं का, मले!" मग मी हिंदीच बोलू लागलो. पण 'मले' थांबवता येतं, हौ थांबवता येत नाही. विचारलं की तो आधी तोंडातून बाहेर पडतो, माणूस नंतर.

डोंगरात आमचा सराव चालू होता. आमचा सेट नव्या जागी हलवायचा होता. आम्ही ट्रकमधून पोचलो, तारा बांधल्या, आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाहून आमचे साहेब वायरलेसवर आले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, नव्या जागी पोचलात का? मी धापा टाकत होतो. म्हणालो, "हौ."

इंग्रजीत हाऊ म्हणजे कसं. साहेबांना वाटलं मी विचारतोय, कसं पोचायचं? ते तडकले. "हाऊ? ट्रकनं, आणखी कसं! ट्रक मिळाला नाही का?"

ट्रक मिळाला होता. मी म्हणालो, "हौ, हौ!"

पुढे साहेब जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते सगळ्या सेटांवर ऐकू गेलं. जेवणाच्या रांगेत उभा राहिलो तर स्वयंपाकीसुद्धा पळीनं डाळ वर धरून म्हणाला, "हाऊ साब, डाल लेंगे? हाऊ?" त्या दिवसापासून माझं नावच गेलं. मला सगळे हाऊ म्हणायचे. पत्ते खेळायला बोलवायचे तरी हाऊ, आजारी पडलो तरी "हाऊ को बुखार है." मी पण हसायचो. हसलो नसतो तर आणखी चिकटलं असतं. पण दिवसभर कानाला यंत्र लावून दूरदूरच्या आवाजांशी बोलायचं, आणि त्यातल्या एकालाही आपलं नाव माहीत नाही, असं जे काही असतं ते मी पुष्कळ बघितलं.

ऑफिसात साताऱ्याकडचे एक क्लार्क हवालदार होते. वयानं बरेच मोठे, डोळ्याला चष्मा, अक्षर छापल्यासारखं. त्यांनी मला एकदा बोलावून विचारलं, "काय रे, तू मराठी ना?"

"हौ."

"परत हौ! होय म्हण. तुझी नोकरी त्या हौमुळे जाईल एक दिवस."

"होय."

"होय, साहेब. बस. मराठी लिहिता येतं?"

येत नव्हतं. हिंदीची अक्षरं तीच, पण मराठी लिहायला बसलो की हात अडायचा. त्या माणसानं मला मराठी शिकवली. आज मी हे लिहितो आहे ती मराठी माझ्या घरची नाही, फौजेत मिळालेली आहे. त्यांच्याकडे घरून जुनी वर्तमानपत्रं यायची, ती मला वाचायला लावायचे, आणि चुकलो की पेन्सिलीनं डोक्यावर टकटक. त्यांना मी एकदा बोलता बोलता सांगितलं, की माझा बा असा आहे, तो असं म्हणतो. ते चष्म्यावरून बघायला लागले.

"बापाला अरे-तुरे करतोस? आमच्याकडं बापाचं खोकणं ऐकलं तरी पोरं उठून उभी राहतात. जंगलात राहता का तुम्ही?"

मला लाज वाटली. खरं म्हणजे जंगल जवळच होतं, बैहरकडे गेलं की सगळं जंगलच. पण त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. त्यांनी मला घरी पत्र लिहायला लावलं. वर मोठ्या अक्षरात, तीर्थरूप बाबांस. आत सगळं तुम्ही, आपण, कृपादृष्टी. नंतर सुटीवर गेलो तेव्हा शेजारच्या मावशीनं त्या पत्राची गोष्ट सांगितली. बाला वाचता येत नसे; वाचून दाखवणाऱ्या पोरानं पहिली ओळ वाचली, तशी ती बाला म्हणाली, "भाऊ, हे तुले नाई, कोन्या देवाले लिवलं हाय." लाईनभर हसले. मीही हसलो. बा हसला नाही. त्यानं पत्र घेतलं आणि टोपीत ठेवलं, असं ती म्हणाली.

हवालदारसाहेबांची बदली झाली. त्यांनी दिलेलं होय आणि तुम्ही माझ्याजवळ राहिलं. ते गेल्यावर बोलायला कोणी नव्हतं, तर मी त्या भाषेत स्वतःशीच बोलायचो. सेट दुरुस्त करताना, कपडे धुताना. माणूस एकटा असला की भाषा लवकर येते.

ठरलेली वर्षं संपली तेव्हा विचारण्यात आलं, पुढे राहता की राखीव दलात नाव ठेवून घरी जाता? मी घरी जातो म्हणालो. मला कॉलेजात शिकायचं होतं. बालाघाटला कॉलेज होतं, आणि भरवेलीहून सायकलनं जाता येण्यासारखं.

बा स्टेशनवर आला होता. छोट्या लाईनीची गाडी हळूहळू थांबली. मी ट्रंक घेऊन उतरलो. तो सायकल धरून उभा होता, खांदे खाली आलेले, मिशा पांढऱ्या. मी वाकून पाया पडलो आणि म्हणालो, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतला? मी आलो असतो."

बानं मागे वळून बघितलं.

मी कोणाशी बोलतोय ते तो बघत होता. मागे कोणी नव्हतं. मग त्यानं ट्रंक उचलून कॅरिअरवर ठेवली, दोरी बांधली, आणि म्हणाला, "चला."

चाल नाही, चला. आम्ही सायकल मधे धरून भरवेलीपर्यंत पायी आलो. वाटेत मी बोलत होतो. बर्फ, डोंगर, ट्रक. तो ऐकत होता आणि अधूनमधून म्हणत होता, "जी."

खदानीत पँटवाला कोणीही आला की बा जी म्हणायचा. तो जी मी लहानपणापासून ऐकला होता. तो माझ्यासाठी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात तू आणि हौ दोन्ही बंद झाले. "तुमी जेवून घ्या." "तुमचं पानी तापलं." मी कॉलेजचं विचारलं तेव्हा म्हणाला, "तुमाले ठीक वाटन तसं करा." मला नुसता हौ हवा होता. तो ओढलेला असता तरी चाललं असतं. बा रागावला होता असं नाही. मावशी सांगायची, तो पाळीवर सगळ्यांना सांगतो की आमचं पोरगं साहेबासारखं बोलते. त्याला अभिमान होता. मलाही होता, मी तो लपवत नाही. जी भाषा मी मेहनतीनं कमावली तिची लाज का बाळगू? पण त्या एका खोलीत दोन माणसं एकमेकांना तुम्ही म्हणत जेवायला बसायची, आणि वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं वाटायचं.

मी प्रयत्न केला. एके दिवशी पाणी ओतता ओतता मुद्दाम म्हणालो, "बा, तू जेवला काय?"

त्यानं हातातला साबण खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "थट्टा करून राह्यले काय?"

माझ्याच कानाला ते नाटकातल्यासारखं लागलं होतं, त्याला लागणारच. इतकी वर्षं हसण्याच्या भीतीनं जे दाबलं होतं ते बोलावल्यावर लगेच कसं येईल! मी पाणी ओतत राहिलो.

कॉलेजात सगळी मिसरूड फुटलेली पोरं. प्राध्यापकांनी हजेरी घेतली की मी उठून टाच जुळवून "येस सर" म्हणायचो, आणि वर्ग खाली मान घालून हसायचा. पोरं मला चाचाजी म्हणत. वाईट नव्हती, नोट्स मागायला यायची, पण चहाला जाताना चाचाजींना कोण बोलावतं? हिंदीचे प्राध्यापक म्हणाले, आपकी हिंदी में बंदूक की आवाज़ आती है. त्यांनी प्रेमानं म्हटलं. मी शेवटच्या बाकावर बसायचो, कारण पुढे बसलो तर मागच्यांना फळा दिसत नसे. उंच होतो. निदान मी तरी स्वतःला तसंच सांगायचो.

सकाळी सायकलनं जायचं, दुपारी यायचं. रिकामं कॅरिअर मागे खडखडायचं.

मी बी.ए. झालो. दुसऱ्या श्रेणीत, पहिल्याच झटक्यात. माझ्या आज्या-पणज्यात कोणी कॉलेजचं फाटक बघितलं नव्हतं. मी बाला सांगितलं, "बाबा, मी पास झालो." त्यानं दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाला, "चांगलं केलं तुमी." मग घुटमळून म्हणाला, "तुमचं कालेज पाह्याचं होतं."

तो आता पाळीवर जात नव्हता. गुडघे गेले होते, सायकल चालवणं सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला मागे बसवून नेलं. निघताना तो पडवीच्या पायरीवरून आपणच चढून बसला, म्हणून विचारायची वेळ आली नाही.  वाटभर माझ्या पाठीला त्याचा हात लागत नव्हता; कॅरिअर धरून बसला होता, परक्या माणसानं बसावं तसा.

कॉलेजला सुट्टी होती, पण चपराशी ओळखीचा. त्यानं वर्ग उघडून दिला. बा आत आला, फळ्याकडे बघितलं, मग बाकावर बोटाच्या गाठीनं ठोकून बघितलं. "सागाचा हाय," म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"तुमी कुठी बसत होते?"

मी शेवटचं बाक दाखवलं.

"काहून मांगं?"

"उंच आहे ना मी. मागच्यांना दिसत नाही."

तो जाऊन त्या बाकावर बसला. तिथून रिकामा वर्ग बघत राहिला, बराच. मग म्हणाला, "इथून कोनाचं तोंड दिसत नाई. पाठीच पाठी."



बाहेर आलो. फाटकाजवळ वर्गातली दोन-तीन पोरं सायकली टेकवून उभी होती. "अरे चाचाजी! पास हो गए, मिठाई?" मी हात केला. सायकल उभी केली, एक पाय पायडलवर ठेवला. मागे बा चढला, वजन आलं. मी म्हणालो, "बसलात का?"

उत्तर नाही.

बसला होता. मला चाकावर कळत होतं. पण उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही हे माझ्या पायाला लहानपणापासून माहीत होतं, तो उचलेना. मी तसाच उभा. पोरं बघताहेत. एकानं विचारलं, "चेन उतर गई क्या?"  पाठीवर घाम यायला लागला. आणि मग मी काही ठरवलं नसताना, न बघता, नुसतं तोंडातून पडलं.

"बसला काय, बा?"

"कवाचा बसलो ना! तू उभा काहून हायेस बावा खांबासारखा? चाल!"

पोरं हसली. मी टांग मारली. बाचा हात माझ्या कमरेजवळ सदऱ्याला लागला आणि त्यानं तो मुठीत धरला, खड्डा आला म्हणून असेल.

घरी पोचलो, तो उतरला, सदरा झटकला आणि म्हणाला, "तुमी बसा, मी पानी आनतो."

म्हणजे ते 'तू' पायडलपुरतंच होतं. आधी मला वाईट वाटलं. मग मी सायकलवरची कामं शोधायला लागलो. बाला केस कापायला ने, दवाखान्यात ने, हवा भरायला ने. बालाघाटला मिळणारी वस्तू भरवेलीत मिळत असली तरी बालाघाटला ने. नोकरी लागली, पण आदेश दूरच्या गावचा आला; तो हातात पडला त्या आठवड्यात तर मी बाला लामत्याच्या रस्त्याला घातलं. लामता लांब. तिथं आमचं कोणीच नव्हतं. दोन्ही बाजूंना धानाचे बांध, ऊन पाठीवर, मी वाकून पायडल मारतोय, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर मागून आवाज आला.

"कुठी नेऊन राह्यला रे मले?"

"लामत्याले. बाजाराले."

 "आज बाजार नसते तिथं."

"हौ," मी म्हणालो, आणि पायडल मारत राहिलो.